लाल पॅडांची जोडी

सर, काल वारज्याला तुमच्या घरी जाऊन आले. घरी म्हणजे तुमच्या शेतात. तुम्ही गेलात तेव्हा तिथे कांदा होता. आता सात मजली इमारत आहे, तिला परदेशातल्या कुठल्याशा गावाचं नाव दिलंय, आणि काकू चौथ्या मजल्यावर, म्हणजे स्वतःच्याच कांद्याच्या वाफ्यांवर चाळीस फूट उंच, राहतात. फाटकावर रखवालदाराने वही पुढे केली. नाव, फ्लॅट नंबर, येण्याचं कारण. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, शेवटी 'सामान' असं लिहिलं. काकूंनी फोनवर तेवढंच सांगितलं होतं. "माळा आवरतोय. त्यांचं सामान निघालंय, त्यात तुझं बी हाय. येऊन घेऊन जा, न्हाईतर भंगारात जाईल." इतक्या वर्षांनी फोन, आणि त्यात जास्तीचा एक शब्द नाही. काकू आता पक्क्या पुण्याच्या झाल्या.

तुम्हाला लिहायला बसलेय खरी, पण असं काही लिहायची मला सवय राहिलेली नाही. दर रविवारी एका वर्तमानपत्रात मी कुणाला तरी सोलून काढते आणि लोक चहाबरोबर ते वाचतात, हा माझा धंदा. आठवड्याला एक माणूस लागतो. कधी नगरसेवक, कधी कुलगुरू, कधी एखादा सत्कारमूर्ती. कुणीच नाही मिळालं तर आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहेच. लोक म्हणतात, बाई, काय हाणलंत! पहिली दहा वर्षं ते ऐकून बरं वाटायचं. आता कंटाळा येतो. हात दुखतो म्हणावं तर टाइप करायला दोन बोटं लागतात, त्यामुळे तशी तक्रारही करता येत नाही. नुसतीच दमते.

तुम्ही दिवसभर स्वारगेटजवळच्या एका गॅरेजात लक्झरी बसच्या सीटा शिवायचात आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी मंडईमागच्या शाळेच्या हॉलमध्ये आम्हाला कराटे शिकवायचात. तेव्हा शहरात कराटेची साथच आली होती. पेठेतल्या दर दोन गल्ल्यांत एक ब्लॅक बेल्ट निघायचा आणि त्यातले निम्मे जिन्यावरून उतरताना धापा टाकायचे. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. घरी सांगितलं तेव्हा आईने काही विचारलं नाही. वडिलांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "दात पडले तर लग्नाचं काय?" मी म्हटलं, "दात आहेत तोवर तरी कुठे काय होतंय." त्यांनी पान उलटलं. परवानगी मिळाली असं मी समजले.

पहिल्या दिवशी तुम्ही सायकलवरून आलात. कॅरिअरला जुन्या ट्यूबने बांधलेला एक उंच ढीग. मला वाटलं, गादी भरणारे कुणी रस्ता चुकले. ते पॅड होते. सगळे तुम्ही हाताने शिवलेले, बसच्या सीटांच्या उरलेल्या रेक्झिनचे, करड्या, तपकिरी आणि एका उदास हिरव्या रंगाचे. एकावर तर सीटचा नंबरसुद्धा तसाच राहिला होता, सतरा. आम्ही त्या पॅडला सतराच म्हणायचो. "सतरावर दहा राउंड किक," असं तुम्ही ओरडलात की बाहेरून जाणाऱ्याला काय वाटत असेल कोण जाणे. आत फोमचे दोन थर, पुढे कडक, मागे मऊ. मधे काथ्याची पातळ चकती. ते असं का, हे तुम्ही आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलंत, कारण तुमच्या मते ज्याला पॅड पारखता येत नाही त्याने दुसऱ्याच्या हातावर पाय उचलूच नये.

"अंगठा दाब," तुम्ही म्हणालात. मी सतरावर अंगठा दाबला. "आत गेला? मधी थांबला? आन म्हागारी आला? मग त्यो पॅड. भसकन तळाला गेला तर त्यो मेला, त्येला रजा द्यायची. आन जर का आत जातच न्हाई, तर ती फळी. तिच्यावर तुमच्या पेठंतल्या पाट्या रंगवा." फळीवर मारणाऱ्याला मजा येते, हेही तुम्हीच सांगितलंत. आवाज मोठा येतो, आपल्या पायात काय ताकद आहे असं वाटतं. पण तो मार पॅडमध्ये मुरत नाही. पलीकडे जातो. धरणाऱ्याच्या मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात. मारणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही, तो पुढच्या किकच्या तयारीत असतो.

म्हणून तुमचा नियम होता की पॅड ज्याने आणला त्याने तो पहिला धरायचा. एका मुलीने आईच्या उशीला खोळ घालून आणली, धरली आणि पहिल्याच किकला स्वतःच्या उशीचा मार स्वतःच्या नाकावर खाल्ला. एकाच्या वडिलांनी लाकडी पाटाला घोंगडी गुंडाळून दिली होती. त्याने दोन किक झेलल्या, गपचूप पॅड भिंतीला टेकवला आणि म्हणाला, "सर, हा आपण शोभेला ठेवू." तुम्ही कुणाला रागावत नव्हतात. ज्याचं त्याला कळतंय म्हटल्यावर रागवायचं काय!

आणि मला तर तुम्ही पहिला महिनाभर मारूच दिलं नाही. रोज धरायचं. मी चिडून म्हटलं, "सर, मला मारायला शिकायचंय." "मग धर," एवढंच तुमचं उत्तर. कोपर बरगडीजवळ, जरासं वाकवून. मनगट सरळ. नजर समोरच्याच्या पायाकडे नाही, छातीकडे. मी किक आली की हात मागे घ्यायची. तुम्ही म्हणालात, असं केलं तर मारणाऱ्याचा गुडघा जातो. मग मी हात पुढे ढकलायला लागले, तर म्हणालात, आता तुझा खांदा जाईल. "मग करू काय?" "पाव्हना आला की दोन पावलं म्होरं जातीस का न्हाई दारात? तेवढंच. जास्त न्हाई, कमी न्हाई." मी म्हटलं, "आमच्याकडे पेठेत जात नाहीत, सर. जाळीच्या दारातून कोण पाहिजे विचारतात." तुम्ही इतके हसलात की हातातला सतरा खाली पडला. त्या दिवसापासून तुम्ही मला पेठ म्हणायला लागलात. "ए पेठ, धर जरा."

त्याच तोंडाने मी काय केलं तेही तुम्हाला माहीत आहे, पण लिहिते. मी तुमची नक्कल करायचे. तुमचं 'हाय', तुमचं 'न्हाई', एक डोळा बारीक करून पॅडवर अंगठा दाबायची तुमची लकब. सगळे हसायचे आणि मला आणखी चेव यायचा. एका संध्याकाळी मी ऐन रंगात होते, सतरा काखेत, "फळी हाय ही, फळी!" आणि समोरचे एकेक गप्प होत गेले. तुम्ही दारात. सायकलची क्लिप अजून पायाला. मला वाटलं, आज हाकलणार. तुम्ही ढीग खाली ठेवला, ट्यूब सोडली, गुंडाळी करून खिशात घातली. मग म्हणालात, "चांगलं करतीस. डोळा जरा जास्त बारीक केलास." आणि सगळे कवायतीला उभे राहिल्यावर, मला एकटीला ऐकू येईल एवढ्या आवाजात, "तोंडानं मारतीस तवा म्होरं पॅड कोन धरतंय?"  पुढे याच कामाचा मला पगार मिळायला लागला आणि तो प्रश्न मी कुठल्याशा माळ्यावर टाकून दिला.

कॉलेज संपलं, एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम लागलं, आणि पहिला पगार हातात आला तो गुरुपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात. तुम्हाला भेटवस्तू चालत नसत. "नारळ आना, फोडून आना, म्हंजे सगळ्यास्नी खोबरं," असं तुम्ही दर वर्षी बजावायचात. पण त्याच महिन्यात कॅम्पातल्या एका क्लासची मुलं आपल्या हॉलमध्ये एकत्र सरावाला आली होती. त्यांच्याकडे सगळं विकतचं, चकचकीत. त्यातल्या एका मुलीने सतरा उचलून बघितला आणि मला विचारलं, "तुमचे सर गादीवाले आहेत का?" मी, जी कुणालाही उत्तराशिवाय सोडत नसे, तिला काही बोलले नाही. उलट मला तुमचीच लाज वाटली. त्या ढिगाची, त्या उदास हिरव्याची, सायकलच्या ट्यूबची. मी ठरवलं, सरांना अशी जोडी द्यायची की त्या कॅम्पातल्यांचं तोंड बंद झालं पाहिजे. पेठेतल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने रीतीप्रमाणे विचारलं, "बघायचेत की घ्यायचेत?" मी म्हटलं, "तुम्ही दाखवलेत तर घेईन, वासावरून घ्यायची पद्धत नाही आमच्यात." त्याने दाखवले. मी लाल जोडी घेतली. दुकानातलं एवढंच.

लालभडक, सोनेरी काठाचे, वर परदेशी अक्षरं. गुरुपौर्णिमेला मी ते वर्तमानपत्रातून सोडवले आणि हॉलमध्ये एकदम 'आई गं' असा आवाज झाला. तुम्ही हात पुसून जोडी घेतली. तुमचा अंगठा मला अजून दिसतो, सर. दाभण टोचून टोचून खरखरीत झालेला, नखाशेजारी कायमचा एक काळा ठिपका. तो अंगठा तुम्ही लाल पॅडवर ठेवता, दाबता. मग माझ्याकडे बघता. क्षणभरच. मी हात पुढे केलेले आहेत, कारण नियम आहे, मी आणले म्हणजे मी पहिली धरणार. आणि तुम्ही म्हणता, "ऱ्हाऊ दे. हे मी धरतो."

सगळे बघतच राहिले. इतक्या वर्षांत तुम्ही तो नियम कुणासाठी मोडला नव्हता. मला वाटलं, हा सन्मान. पुढची चार वर्षं मला तसंच वाटत राहिलं. लाल जोडी तुम्ही कुणाच्या हातात दिली नाही. ती रोज स्वतः चढवायचात आणि समोर रांग लागायची, कारण तिच्यावर मारल्यावर जो आवाज यायचा तो सतरावर जन्मात आला नसता. हॉल दणाणायचा. मंडईतल्या भाजीवाल्या मावशी एकदा विचारायला आल्या होत्या, आत फटाके वाजवताय का म्हणून. प्रत्येकाला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं, आणि मी रांगेत उभी राहून नव्या मुलांना ऐटीत सांगायचे, "हे मी दिलेत. सर दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

मग कधीतरी तुमच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज आलं. मग ते कोपरापर्यंत गेलं. मग तुम्ही चहाचा कप डाव्या हाताने धरायला लागलात. मी विचारलं होतं, विचारलं नाही असं नाही. "सर, हाताला काय झालं?" तुम्ही म्हणालात, "सीटा. तीस वर्सं दाभन वढतोय, आजून काय व्हनार!" मला ते पटलं. सोयीचं असेल ते मला चटकन पटतं. माझ्या वाचकांचा यावर विश्वास बसणार नाही. पुढे गॅरेजवाल्यांनी तुम्हाला शिलाईवरून उठवून फाटकावर बसवलं. आलेल्या गाड्यांचे नंबर लिहायचे, तेही डाव्या हाताने. एकदा स्वारगेटला बसची वाट बघताना मी तुम्हाला तिथे स्टुलावर बसलेलं पाहिलं. मांडीवर वही, आणि समोर दुसराच कुणी माणूस सीट शिवत होता. तुम्ही त्याच्या हाताकडे बघत होतात. मी हाक मारणार होते. बस आली.

त्यानंतर माझं लग्न झालं, सगळे दात शाबूत असताना. नोकरी बदलली, सदर सुरू झालं, क्लास सुटला. आणि एके दिवशी जुन्या क्लासमधल्या कुणीतरी कळवलं, सर दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी आले होते. तुमच्या अंगणात गर्दी होती, मागे कांद्याचा वास. तुम्हाला सरळ झोपवलं होतं, पण उजवा हात काही सरळ झाला नव्हता. चादरीखालीसुद्धा तो मनगटाशी वाकलेला दिसत होता. मी म्हटलं, सीटा.

तर काल. काकू सोफ्यावर मांडी घालून शेंगा फोडत होत्या. "ये. वाळलीस," म्हणाल्या, आणि मान टेबलाकडे केली. टेबलावर लाल जोडी. रंग उतरून जुन्या कुंकवासारखा झालाय, सोनेरी काठ गेलाय. मी एक पॅड उलटा केला, आणि सर, त्याच्या पाठीला, जिथे हात घालायचा तिथे, करड्या रेक्झिनचा एक जास्तीचा थर होता. आत फोम भरून हाताने शिवलेला. तुमचा टाका मी कुठेही ओळखीन. बारीक, सरळ, प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलींच्या रांगेसारखा. हा टाका वेडावाकडा होता. कुठे लांब, कुठे एकावर एक, एका ठिकाणी दोरा नुसताच गोळा होऊन बसलेला. मी त्यावरून बोट फिरवत राहिले. काकू म्हणाल्या, "डाव्या हातानं शिवलंय. आठ दिस बसले व्हते. मी म्हनलं, टाकून द्या की त्ये, हात चाललाय तुमचा. तर म्हनले, पोरीनं आनलंय."

एवढ्यात तुमची नात बाहेर आली. इंजिनिअरिंगला आहे, तिसऱ्या वर्षाला, आणि तुमचा एक डोळा बारीक करून बघणं तिच्यात जसंच्या तसं उतरलंय. ती इथल्याच एका जिममध्ये शिकते. कराटे नाही, पाच-सहा गोष्टी एकत्र करून काहीतरी असतं आता. "मावशी, हे तुम्ही दिलेले ना? मी क्लासला नेऊ का? प्लीज. आजोबांचे आहेत, एकदम व्हिंटेज. आमचे कोच वेडे होतील."

"धरणार कोण?" मी विचारलं.

"माझी पार्टनर. ती माझ्याहून बारीक आहे, पण चालतं. स्ट्राँग आहे."

मी तिला तिचे स्वतःचे पॅड आणायला सांगितलं. काळे, आतून वळणदार, मनगटाला आणि कोपराखाली असे दोन पट्टे. चांगले निघाले. कसे निवडलेस म्हटल्यावर तिने फोन दाखवला, रिव्ह्यू बघून, तीन हजार लोकांनी तारे दिलेत. मी म्हटलं, त्या तीन हजारांपैकी मारणारे किती आणि धरणारे किती ते लिहिलंय का? ती हसली. मग मी तिला अंगठा दाबायला लावला, आधी काळ्यावर, मग लालवर. पट्टा कुठे यायला हवा ते दाखवलं, पॅड हातावर सैल फिरला तर मनगट कसं मुरगळतं ते दाखवलं. सपाट पॅडवरून किक घसरते आणि धरणाऱ्याच्या तोंडावर जाते, वळणदार पॅड ती अडवून धरतो, हेही सांगितलं. सगळं तुमचंच, फक्त 'हाय' आणि 'न्हाई' काढून. तिने लालवर पुन्हा पुन्हा अंगठा दाबला. "थोडे हार्ड आहेत," ती म्हणाली, "पण साउंड भारी येत असेल."

मी म्हटलं, "मी धरते. मार."

"अगं, ह्या वयात?" काकू म्हणाल्या. पण त्यांनी शेंगांची परात बाजूला घेतली.

सोफा सरकवला. मी लाल जोडी चढवली. आत तुमचा करडा थर हाताला लागला, चपटा झालेला, तरी होता. कोपर बरगडीजवळ, मनगट सरळ, नजर छातीकडे. अंग विसरलं नव्हतं. पोरगी वळली आणि तिची किक आली. आवाज तोच, सर. आणि त्यामागून ते आलं, मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात, अगदी तुम्ही सांगितलं होतं त्या वाटेने. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "आणखी," मी म्हटलं. दुसरी. "आणखी." तिसरीला माझी बोटं बधिर झाली. तीन किक. त्याही तुमचा थर मधे असताना. तुम्ही आठवड्याला तीन संध्याकाळी अख्खी रांग झेलायचात, आणि तो थर शिवलात तोवर उजवा हात शिवण्यापुरताही उरला नव्हता. तिसऱ्या किकनंतर इंटरकॉम वाजला. पोरीने उचलला. खालच्या मजल्यावरून कुणी आजोबा अत्यंत सभ्य आवाजात विचारत होते, आपल्याकडे भिंत पाडायचं काम चालू असल्यास ते चारनंतर करता येईल का.

"हे वापरायचे नाहीत," मी पॅड उतरवत म्हटलं.

"का?"

"जुने झालेत. आतला फोम मेलाय. तुझ्या पार्टनरचा हात जाईल."

ती हिरमुसली, पण वाद घातला नाही. खालच्या आजोबांची माफी मागायला चप्पल घालून गेली. मी बधिर झालेली बोटं दुसऱ्या हाताने चोळत बसले. काकूंनी परात परत पुढ्यात ओढली. "जुने कुठलं गं," त्या शेंग फोडत म्हणाल्या, "नवे व्हते तवाबी असंच व्हतं. पयल्या दिवशी घरी आले, हात धुतला आन म्हनले, पेठेनं फळी आनलीया. हसत व्हते."

"मग मला सांगितलं का नाही त्यांनी?"

"मी बी तेच म्हनलं. तर म्हनले, पयल्या पगाराचं हाय, हौसंनं आनलंय, तिला काय ठावं. पोरांच्या हातात द्यायचं न्हाई, मी धरीन, झालं." मग त्यांनी सोललेले दाणे माझ्या तळहातावर ठेवले, आणि ज्या आवाजात त्या गेल्या वीस वर्षांत माझ्याशी बोलल्या नव्हत्या त्या आवाजात म्हणाल्या, "तू नगं मनाला लावून घेऊ. पोरगी व्हतीस. तुला काय कळनार व्हतं."

मी दर रविवारी आठशे शब्द लिहिते. भल्याभल्यांना उघडं पाडते. काल माझ्याकडे दोन शब्द निघाले. "हो ना," मी म्हटलं, आणि दाणे खाल्ले.

पॅड घरी घेऊन आलेय. समोरच्या खुर्चीवर ठेवलेत. हे पत्र तुमच्याकडे जाणार नाही, आणि काकूंकडे पाठवायचं धाडस माझ्यात नाही. लिहून झालं की घडी करून त्या करड्या थराच्या मागे सरकवून ठेवीन, तिथे एक टाका सुटलाय. दुकानातलं एवढंच, असं मी वर लिहिलंय. एवढंच नव्हतं. दुकानदाराने दोन जोड्या दाखवल्या होत्या. एक खाकी कॅनव्हासची, आतून वळणदार, दिसायला थेट तुमच्या ढिगातली. मी तिच्यावर अंगठा दाबला, आत गेला, मधे थांबला, परत आला. मग लालवर दाबला. गेला नाही. दुकानदार म्हणाला, "त्या खाकी दिसायला काही नाहीत, पण क्लासवाले त्याच नेतात." मी लालवर पुन्हा एकदा दाबला, जोर लावून, नख पांढरं होईपर्यंत. फळी होती. डोळ्यांसमोर ती कॅम्पातली मुलगी होती, आणि गुरुपौर्णिमेला हॉलमध्ये 'आई गं' होईल ते ऐकू येत होतं. खाकी जोडी आणली असती तर कुणी वळूनसुद्धा बघितलं नसतं. मी म्हटलं, लाल द्या.

अंगठा कसा दाबायचा ते मला तुम्हीच शिकवलं होतंत. म्हणजे मी तो दाबला असणार, हे तुम्हाला त्या क्षणी, माझ्याकडे बघितलंत तेव्हा, समजलं असणार. तरी काकूंना सांगितलंत, तिला काय ठावं. मला ठावं होतं, सर.